श्वासातल्या अल्कोहोलची चाचणी: आकडा कुठे चुकतो आणि कुठल्या बाजूला

ब्रेथ अ‍ॅनालायझर रक्त तपासत नाही. ते मशीन फुंकलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं आणि त्यावरून रक्तात किती असेल याचा हिशेब मांडतं. मोजणी वेगळी आणि हिशेब वेगळा. मोजणी बरोबर असूनही हिशेब थोडा हलू शकतो, आणि हिशेब चोख असला तरी चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या फुंकेमुळे मोजणीच वाया जाऊ शकते. चाचणी घेणाऱ्याने, आणि देणाऱ्यानेही, प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: इथे चूक झाली तर आकडा वर जाईल की खाली? ‘मशीन चुकतं’ एवढ्या बोलण्यातून काहीच निष्पन्न होत नाही. चूक चालकाच्या बाजूची आहे की त्याच्या विरोधातली, यावर सगळं ठरतं.

२१०० हा आकडा कुठून आला

फुप्फुसाच्या तळाशी रक्त आणि हवा यांच्यात फक्त एक पातळ पडदा असतो. रक्तातलं अल्कोहोल त्यातून हवेत येतं आणि ठरावीक तापमानाला ठरावीक प्रमाणात स्थिरावतं. बाहेर पडणाऱ्या श्वासाचं तापमान ३४ अंश सेल्सिअस धरलं, तर १ मि.लि. रक्तात जेवढं अल्कोहोल तेवढंच साधारण २१०० मि.लि. श्वासात सापडतं, असं मानून बहुतेक मशीन्स चालतात. म्हणजे मशीनने एका लिटर श्वासात ०.२५ मि.ग्रॅ. अल्कोहोल मोजलं, तर रक्ताचा हिशेब ०.२५ × २१०० = ५२५ मि.ग्रॅ. प्रति लिटर, अर्थात १०० मि.लि. रक्तात ५२.५ मि.ग्रॅ. तोंडी हिशेबासाठी सोपा नियम असा: श्वासाचा आकडा मि.ग्रॅ. प्रति लिटरमध्ये असेल तर त्याला २१० ने गुणा. उत्तर १०० मि.लि. रक्तातल्या मिलिग्रॅममध्ये येतं.

सगळे देश २१०० धरत नाहीत. ब्रिटनमध्ये २३०० धरतात. इंग्लंड आणि वेल्समधली १०० मि.लि. श्वासात ३५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा १०० मि.लि. रक्तातल्या ८० मि.ग्रॅ. मर्यादेशी जुळते, ती याच हिशेबाने. युरोपात अनेक ठिकाणी २००० धरतात, म्हणून तिथे श्वासातले ०.२५ आणि रक्तातले ५० मि.ग्रॅ. यांची जोडी बसते. म्हणजे हवेत तेच अल्कोहोल असूनही तीन ठिकाणी तीन आकडे: ५०, ५२.५ आणि ५७.५. म्हणूनच जिथे कायद्याने मर्यादा थेट श्वासातच ठरवली आहे, तिथे हा वाद मुळातूनच संपतो. रक्ताचा हिशेब करायची गरजच उरत नाही.

प्रत्यक्ष माणसांत हे गुणोत्तर एकसारखं नसतं. दारू अंगात पूर्ण मुरली की सरासरी २३०० च्या आसपास येते. त्यामुळे २१०० धरणारं मशीन बहुतेकांच्या बाबतीत रक्तापेक्षा थोडं कमीच दाखवतं. ही चूक चालकाच्या फायद्याची आहे, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली आहे.

उलट बाजू दारू पिऊन झाल्या झाल्या दिसते. पोटातून अल्कोहोल रक्तात चढत असतं, तेव्हा धमनीतल्या रक्तात ते शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असतं. श्वास धमनीच्या रक्ताशी जुळतो आणि प्रयोगशाळेत जातं ते हाताच्या शिरेतलं रक्त. त्यामुळे शेवटच्या घोटानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात श्वासाचा आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त निघू शकतो. त्यात मशीनचा दोष नाही. मेंदूला मिळतं तेही धमनीचंच रक्त, हे विसरू नये.

एककांचा गोंधळ तर रोजचा. ५० मि.ग्रॅ. प्रति १०० मि.लि. रक्त, ०.०५ टक्के, ०.५ ग्रॅम प्रति लिटर आणि श्वासातले सुमारे ०.२४ मि.ग्रॅ. प्रति लिटर, या सगळ्याचा अर्थ एकच. बाजारात मिळणाऱ्या अनेक मशीन्समध्ये एकक बदलता येतं आणि बटण चुकून दाबलं जातं. पडद्यावर ०.२५ दिसलं की आधी त्यापुढचं एकक वाचा. ते मि.ग्रॅ. प्रति लिटर असेल तर एक गोष्ट, ग्रॅम प्रति लिटर रक्त असेल तर जवळपास निम्मी दारू, आणि टक्के असतील तर माणूस बहुधा उभाही राहू शकणार नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ. ही मर्यादा आहे. २१०० च्या हिशेबाने ती श्वासात ०.१४३ मि.ग्रॅ. प्रति लिटर होते.

मशीनच्या आत काय आहे ते आधी ओळखा

१९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी बनवलेल्या यंत्रात पिवळं पोटॅशियम डायक्रोमेट अल्कोहोलने हिरवट पडायचं, आणि रंग किती बदलला त्यावरून आकडा काढायचे. आज तीन प्रकार आढळतात.

स्वस्तातला प्रकार सेमीकंडक्टरचा. तापवलेल्या टिन ऑक्साइडवर वायू आला की त्याचा रोध बदलतो. पण तो अल्कोहोल ओळखत नाही. सिगारेटचा धूर, कार्बन मोनॉक्साइड, अ‍ॅसिटोन (मधुमेहींच्या श्वासात कधी कधी येतं ते), पेट्रोलची वाफ, यांतल्या कशानेही तो हलतो. हवेतल्या दमटपणाने हलतो आणि वापराबरोबर सरकतही जातो. अशा मशीनचा ‘शून्य’ हाही पुरावा नाही आणि ‘०.०४’ हाही नाही. ज्या आकड्यावर कोणाची नोकरी किंवा परवाना अवलंबून आहे, तो या मशीनवरून काढू नये.

हातात धरायच्या चांगल्या मशीनमध्ये फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमचा लेप दिलेली सच्छिद्र चकती आणि त्यात मुरवलेलं आम्ल. आत ओढलेल्या सुमारे १ मि.लि. हवेतलं अल्कोहोल प्लॅटिनमवर जळून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होतं आणि वीज निर्माण होते. चांगलं मशीन विजेचं टोक मोजत नाही, तर वीज पूर्ण ओसरेपर्यंतची बेरीज घेतं. सेल जुना झाला की टोक खाली येतं, पण बेरीज बराच काळ टिकते. अ‍ॅसिटोनला फ्युएल सेल दाद देत नाही. मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांना मात्र देतो.

तिसरा प्रकार इन्फ्रारेडचा. हा सहसा टेबलावरचा असतो आणि पुराव्यासाठी वापरतात. ३.४ मायक्रॉन तरंगलांबीवर कार्बन-हायड्रोजनच्या बंधामुळे अल्कोहोल दिसतं, पण तिथे इतर अनेक वायूही दिसतात. ९.५ मायक्रॉनवर अल्कोहोल जास्त वेगळं पडतं. म्हणून चांगली मशीन्स एकापेक्षा जास्त तरंगलांबी पाहतात किंवा जोडीला फ्युएल सेल ठेवतात. दोन वेगळ्या तत्त्वांचे सेन्सर एकाच फुंकेवर एकमत झाले, तर दुसऱ्या वायूचा संशय जवळजवळ मिटतो.

फुंकेआधीची पंधरा मिनिटं

चाचणीतली सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक म्हणजे तोंडातलं अल्कोहोल. नुकताच घेतलेला घोट, अल्कोहोल असलेला माउथवॉश, खोकल्याचं काही औषध, काही इनहेलर, तोंडात मारायचा सुगंधी स्प्रे, या सगळ्यांचा अंश गाल, जीभ आणि कवळीखाली राहतो. फुंकेबरोबर तो थेट मशीनमध्ये जातो. रक्तात थेंबभर अल्कोहोल नसतानाही आकडा मर्यादेच्या कितीतरी वर जाऊ शकतो. ही चूक नेहमी चालकाच्या विरोधातच जाते.

सुदैवाने हे अल्कोहोल झपाट्याने उडतं. दहा ते पंधरा मिनिटांत ते संपतं. म्हणून चाचणीआधी किमान १५ मिनिटं थांबायचं. अनेक नियमावल्या २० सांगतात. नुसतं थांबून भागत नाही, माणसाकडे लक्ष ठेवावं लागतं. या काळात खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगम, तोंडात काहीही टाकणं बंद. उलटी झाली किंवा पोटातली हवा ढेकरेबरोबर तोंडात आली, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून लावायचं. नोंद लिहिणारा खाली मान घालून फॉर्म भरत असेल तर ती देखरेख नव्हे. ज्यांना आम्लपित्ताचा जोरदार त्रास आहे, त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं. पाण्याने चूळ भरल्याने थोडा फरक पडतो, पण त्याने पंधरा मिनिटं वाचत नाहीत.

सिगारेट ओढून लगेच फुंकायला लावू नका. काही मिनिटं जाऊ द्या. धुराने फ्युएल सेल खराब होतो, आणि सेमीकंडक्टर असेल तर आकडाही खोटा येतो.

हाताला लावायचं सॅनिटायझर हा अलीकडचा मोठा घोटाळा. चाचणी घेणाऱ्याने नुकतंच लावलं असेल आणि ओले हात माउथपीसजवळ असतील, तर त्याची वाफ आत ओढली जाते. हात साबणाने धुवा, किंवा हात पूर्ण कोरडे होईपर्यंत मशीन उचलूच नका. बंद गाडीत दारू सांडलेली असेल, स्प्रे मारलेला असेल, तर चाचणी गाडीबाहेर घ्या.

फुंक घेण्याची पद्धत

१. मशीन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या. थंडीत बाहेर ठेवलेलं मशीन आधी खोलीच्या तापमानाला आणा. थंड नळीत श्वासातली वाफ पाणी होऊन बसते, अल्कोहोल त्यात विरघळतं आणि आकडा कमी येतो.

२. सीलबंद नवीन माउथपीस माणसासमोर फोडा आणि तोंडात जाणाऱ्या टोकाला हात न लावता बसवा. वापरलेल्या नळीत थुंकी आणि ओल राहते, आधीच्या माणसाचं अल्कोहोलही.

३. मशीनला आसपासची हवा तपासू द्या. शून्य आलं तरच पुढे जा. शून्य येत नसेल तर जागा बदला. आधीच्या फुंकेत मोठा आकडा आला असेल तर सेल मोकळा व्हायला वेळ लागतो, तोवर घाई नको.

४. माणसाला सांगा: नेहमीसारखा पुरेसा श्वास घ्या, रोखून धरू नका, ओठ घट्ट मिटा आणि एकाच लयीत, मी थांबा म्हणेपर्यंत फुंका.

५. आकडा, एकक, वेळ आणि चाचणी क्रमांक लगेच लिहा. मशीन छापून देत असेल तर त्या कागदाची प्रत काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत फिकी पडते.

चौथ्या पायरीवर थोडं थांबायला हवं, कारण तिथेच बहुतेक चाचण्या बिघडतात. फुंकेतली पहिली साधारण १५० मि.लि. हवा घशातली आणि श्वासनलिकेतली असते. ती फुप्फुसाच्या तळापर्यंत गेलेलीच नसते. त्यानंतर अल्कोहोलचं प्रमाण चढत जातं, आणि श्वास संपेपर्यंत हळूहळू चढतच राहतं. म्हणून तोकडी फुंक आकडा कमी दाखवते. पुराव्याच्या मशीनना म्हणूनच किमान हवा लागते. आंतरराष्ट्रीय कायदेशीर मापन संघटनेच्या आर १२६ या शिफारशीत ती १.२ लिटर आहे. तेवढी आली नाही तर मशीनने आकडाच दाखवू नये. काही हातातल्या मशीनमध्ये बटण दाबून हवा मधेच ओढता येते. ती सोय अशक्त माणसासाठी आहे, घाईसाठी नाही. लवकर दाबलं की आकडा कमी.

फुंकण्याआधीच्या श्वासोच्छ्वासानेही फरक पडतो. अर्धा मिनिट श्वास रोखून मग फुंकलं, तर आकडा सुमारे १५ टक्क्यांनी वर जाऊ शकतो. वीसेक सेकंद जोरजोरात धापा टाकून फुंकलं, तर सुमारे १० टक्क्यांनी खाली. धापांचा हा ‘उपाय’ माहीत असणारे बरेच असतात. समोरचा माणूस तसं करू लागला तर थांबवा, मिनिट-दोन मिनिटं शांत बसू द्या आणि मग फुंक घ्या. उलट घाबरलेला माणूस श्वास धरून बसतो. त्याचं नुकसान होऊ नये म्हणूनही तेच करायचं.

श्वासाचं तापमान १ अंशाने वाढलं की आकडा सुमारे साडेसहा टक्क्यांनी चढतो. फणफणून ताप असलेल्या माणसाच्या बाबतीत हे लक्षात ठेवावं आणि नोंदीत लिहावं. जर्मनीत पुराव्यासाठी वापरलेल्या काही मशीन्स श्वासाचं तापमानही मोजून आकडा ३४ अंशांवर आणतात. बहुतेक मशीन्समध्ये ती सोय नसते.

दम्याचे किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे रुग्ण, वृद्ध आणि लहान चणीची माणसं यांना किमान हवा पुरवणं जड जातं. दोन-तीन प्रयत्नांत फुंक पूर्ण झाली नाही, तर ‘चाचणीस नकार’ असं लिहिण्याआधी कारण विचारा. नकार आणि असमर्थता यांतला फरक मशीन सांगत नाही, तो माणसालाच करावा लागतो. अशा वेळी रक्ताची चाचणी हाच सरळ मार्ग. त्यातलं आणखी एक बारीक पण खरं: ज्याची फुप्फुसं लहान, त्याला तेवढीच हवा द्यायला श्वासाच्या शेवटापर्यंत जावं लागतं, म्हणजे चढत्या आलेखाच्या जास्त वरच्या भागापर्यंत. त्यामुळे त्याचा आकडा मोठ्या फुप्फुसाच्या माणसापेक्षा किंचित जास्त येऊ शकतो.

एक फुंक पुरेशी नाही

रस्त्यावरची चाळणी एका फुंकेने होते. निर्णय मात्र दोन फुंकांवर घ्यावा, मधे दोन ते पाच मिनिटं सोडून. फुप्फुसातून येणारं अल्कोहोल एवढ्या वेळात फारसं बदलत नाही, तोंडातलं मात्र झटकन घसरतं. पहिला आकडा ०.४० आणि तीन मिनिटांनी ०.२२ आला, तर पहिल्यात तोंडातलं अल्कोहोल होतं असं समजा आणि पुन्हा पंधरा मिनिटं थांबा. दोन फुंकांत रक्ताच्या हिशेबाने २० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त तफावत असेल, तर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत चाचणी धरत नाहीत. ब्रिटनमध्ये दोनपैकी कमी आकडा घेतात. सरासरी काढण्यापेक्षा ही पद्धत जास्त न्याय्य आहे.

काही इन्फ्रारेड मशीन्स फुंक सुरू असतानाच तिचा आलेख पाहतात. आलेख चढून सपाट झाला तर हवा फुप्फुसातली. सुरुवातीलाच उसळून खाली आला तर तोंडातलं अल्कोहोल. पण माणूस खरोखरच प्यायलेला असेल आणि तोंडातही थोडं असेल, तर दोन्ही मिसळून आलेख साधा दिसू शकतो. त्यामुळे ही सोय पंधरा मिनिटांची जागा घेत नाही. फ्युएल सेलचं हातातलं मशीन तर फुंकेच्या शेवटी एकदाच हवा ओढतं. त्याला आलेख दिसतच नाही.

कॅलिब्रेशन: शिळ्या द्रावणाचा भुर्दंड

कॅलिब्रेशन म्हणजे मशीनचा आकडा माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडणं आणि लागलं तर जुळवणं. ही दोन कामं वेगळी आहेत. तपासणीत ठरावीक अल्कोहोलची हवा मशीनला देऊन ते काय दाखवतं ते पाहायचं, बदलायचं काही नाही. समायोजनात मशीनला ‘हा आकडा म्हणजे इतकं’ असं शिकवायचं. तपासणी वारंवार करा. समायोजन फक्त गरज पडल्यावर, आणि करण्याआधीचा व नंतरचा आकडा दोन्ही लिहून. आधीचा आकडा न लिहिता समायोजन केलं, तर मागच्या महिनाभराच्या चाचण्या बरोबर होत्या की नाही हे कधीच कळणार नाही.

ओल्या पद्धतीत सिम्युलेटर वापरतात, म्हणजे अल्कोहोलच्या द्रावणावरून श्वासासारखी हवा मशीनला देणारं भांडं: साधारण अर्धा लिटर द्रावण, ३४ अंशांना स्थिर, तापमानात ०.२ पेक्षा जास्त फरक नको. श्वासातले ०.२५ मि.ग्रॅ. प्रति लिटर मिळायला द्रावणात एका लिटरला ०.६४३ ग्रॅम इथेनॉल लागतं, म्हणजे एक मिलिलिटरही नाही. हे घरच्या मापाने बनवायचं काम नव्हे. प्रमाणपत्र असलेली सीलबंद बाटली घ्या आणि तिच्यावरचा बॅच क्रमांक नोंदवा. प्रत्येक चाचणीबरोबर थोडं अल्कोहोल उडून जातं, म्हणून किती फुंकांनंतर द्रावण बदलायचं हे उत्पादक सांगतो तसं काटेकोर पाळा. सिम्युलेटरपासून मशीनपर्यंतची नळी आखूड आणि गरम हवी. तिच्यात थेंब दिसले तर ती चाचणी टाकून द्या.

कोरड्या पद्धतीत नायट्रोजनमध्ये मिसळलेल्या अल्कोहोलचा सिलिंडर असतो. नेणं-आणणं सोपं, पण हवेच्या दाबाचं गणित करावं लागतं. सिलिंडरवरचा आकडा समुद्रसपाटीच्या १०१३ हेक्टोपास्कल दाबाचा असतो. उंचावर दाब ९०० असेल, तर प्रत्यक्ष वायूत त्यापेक्षा ११ टक्के कमी अल्कोहोल असतं. सिम्युलेटरच्या ओल्या हवेला दाबाचा हा त्रास नाही.

आता दिशा पाहा. द्रावण शिळं, तापमान ३४ ऐवजी ३३, नळीत थेंब किंवा दाबाची दुरुस्ती राहिलेली, या चारही चुकांत मशीनला मिळणारी हवा लेबलपेक्षा कमी अल्कोहोलची असते. मशीन प्रामाणिकपणे कमी दाखवतं. ऑपरेटरला वाटतं मशीन सुस्तावलं, आणि तो त्याला वर खेचून लेबलशी जुळवतो. त्या क्षणापासून मशीन प्रत्येक चालकाला जास्त दाखवू लागतं. ९०० हेक्टोपास्कलच्या उदाहरणात तब्बल साडेबारा टक्के जास्त. म्हणून मशीन कमी दाखवत असेल तर पहिला संशय द्रावणावर, दुसरा तापमानावर, तिसरा नळीवर घ्या. मशीनवर सगळ्यांत शेवटी.

किती फरक चालतो? आर १२६ च्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे पुराव्याच्या नव्या मशीनला ०.०२० मि.ग्रॅ. प्रति लिटर किंवा ५ टक्के, जे जास्त असेल ते, आणि वापरातल्या मशीनला ०.०३० किंवा ७.५ टक्के. ०.०३० म्हणजे रक्ताच्या हिशेबात ६.३ मि.ग्रॅ. मर्यादा ३० आणि आकडा ३३ असेल, तर हा फरक मशीनच्या मुभेच्या आतलाच आहे. आकडा ९० असेल, तर मुभेवर वाद घालण्यात अर्थ नाही.

मधुमेह, इनहेलर आणि नाणी

मधुमेह आटोक्याबाहेर गेला किंवा फार दिवस कर्बोदकं बंद केली, की श्वासात अ‍ॅसिटोन येतं. फ्युएल सेलला ते दिसत नाही. चांगल्या इन्फ्रारेडला ते वेगळं ओळखता येतं. सेमीकंडक्टर मात्र फसतो. एक अपवाद मात्र खरा आहे: शरीरात अ‍ॅसिटोन फार वाढलं तर त्यातलं थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल बनतं, आणि फ्युएल सेल त्याला दाद देतो. असं क्वचित होतं आणि आकडाही सहसा छोटाच असतो. पण अडखळतं बोलणारा, घामाघूम झालेला, गोंधळलेला माणूस आणि जवळपास शून्य आकडा अशी जोडी समोर आली, तर तो प्यायलेला नसून रक्तातली साखर घसरलेला रुग्ण असू शकतो. त्याला लगेच डॉक्टर लागेल.

काही इनहेलरमध्ये थोडं इथेनॉल असतं. पंधरा मिनिटांत त्याचा परिणाम संपतो. दम लागलेल्या माणसाला इनहेलर नाकारू नका. वेळ लिहा आणि घड्याळ पुन्हा लावा. जिभेखाली तांब्याचं नाणं, कोळसा, कांदा, पुदिना, यांपैकी कशानेही आकडा खाली येत नाही. यांनी वास बदलतो, आणि मशीन वास घेत नाही.

रक्ताचा अहवाल जुळत नाही तेव्हा

श्वासाची चाचणी आणि रक्त घेणं यांत गेलेला वेळ आधी पाहा. अल्कोहोल मुरल्यावर ते १०० मि.लि. रक्तातून तासाला सुमारे १० ते २५ मि.ग्रॅ. उतरतं, बहुतेकांचं १५ च्या आसपास. श्वासावरून ५२ निघाले आणि दीड तासाने घेतलेल्या रक्तात ३० आले, तर दोन्ही बरोबर असू शकतात.

दुसरं, नमुना कसला होता ते पाहा. रुग्णालयाची प्रयोगशाळा अनेकदा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव) तपासते, आणि सीरममध्ये पाणी जास्त असल्याने आकडा पूर्ण रक्तापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी वर येतो. तसाच तो मर्यादेशी ताडला तर चालकावर अन्याय होतो. रक्त घेताना त्वचेला स्पिरिट लावू नये, अल्कोहोल नसलेलं जंतुनाशक वापरावं. नळीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर जंतूंमुळे नमुन्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. नळी भरून घ्यावी, सील करावी, थंड ठेवावी.

स्वतःजवळ मशीन ठेवत असाल तर

फ्युएल सेलचंच घ्या आणि कॅलिब्रेशन उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत करून घ्या, वापर कमी असला तरी. सेल पडून राहिल्यानेही सुकतो. मशीन चालतं का हे पाहायला माउथवॉश लावून फुंकू नका. एवढ्या तीव्र वाफेने सेल दमतो आणि नंतर कमी दाखवू लागतो. एका आकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा अर्ध्या तासाच्या अंतराने दोन फुंका घ्या. दुसरा आकडा जास्त आला तर अल्कोहोल अजून चढतंय, आणि आता मर्यादेच्या आत असलात तरी गाडी चालवत असताना बाहेर जाऊ शकता. रात्री उशिरा प्यायलेल्यांसाठी सकाळचा हिशेब असा: मध्यरात्री १२० असेल, तर तासाला १५ ने सकाळी सातला १५ उरतात, पण ज्याचं शरीर तासाला १० नेच उतरवतं त्याच्या अंगात तेव्हाही ५० असतात.

आकड्यावर आक्षेप असेल तर काय मागायचं

मशीनचा प्रकार आणि अनुक्रमांक. शेवटच्या तपासणीची तारीख, आणि चाचणीनंतर झालेली पहिली तपासणीही. नुसती आधीची पुरत नाही, कारण मशीन मधेच सरकलं असेल तर ते नंतरच्या तपासणीतच दिसतं. वापरलेल्या द्रावणाचा किंवा सिलिंडरचा बॅच क्रमांक, मुदत, सिम्युलेटरचं तापमान. चाचणीआधीचा शून्याचा कागद. दोन्ही फुंकांचे आकडे, वेळेसह. देखरेख कधी सुरू झाली आणि कोणी केली. यातलं शेवटचं बहुतेकदा कुणी लिहून ठेवलेलंच नसतं. त्यामुळे चाचणी घेणारे तुम्ही असाल तर फॉर्मवर सर्वांत आधी भरायचा रकाना तोच, आणि घड्याळ पाहून.